गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरी सुजली आहे, तेल लावून चोळू का?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच लक्षात येईल. आईचं वय ६७. डाव्या गुडघ्याचा सांधा बदलून आज अकरावा दिवस. परवापासून डावी पोटरी टणक झाली आहे, दाबलं की दुखते, घोट्यापर्यंत सूज उतरली आहे. शेजारच्या काकूंनी 'वात आहे, कोमट तिळाचं तेल लावून चोळा' असं सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी दिली होती, पण पित्त होतंय म्हणून आईंनी गेले चार दिवस ती घेतलेलीच नाही. तुम्ही स्वतः न्यू जर्सीहून आला आहात, तीन आठवड्यांनी परत जायचं आहे, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या सुरू आहेत आणि विमानात बसण्याआधी अ‍ॅस्पिरिन घ्यावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. पोटरी चोळू नका. तेल, बाम, गरम पिशवी काहीही नको. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना आत्ता फोन करा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: पोटरी परवापासून सुजली आहे, दाबल्यावर दुखते, आणि गोळी चार दिवस बंद आहे. त्यांचा फोन लागला नाही तर ज्या रुग्णालयात डॉपलर (पायाच्या शिरांतलं रक्त बघायची सोनोग्राफी) होतो तिथे डिस्चार्ज कार्ड घेऊन आजच जा. उद्या रविवार आहे, सोमवारी बघू, असं करू नका. आणि हे वाचत असताना जर आईंना अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं, छातीची धडधड थांबेना किंवा उठताना भोवळ येऊन त्या कोसळल्या, तर पायाचा विचार सोडा आणि १०८ ला फोन करा.

मी जिल्ह्याच्या गावी गेली २४ वर्षं फिजिशियन आहे. सांधे बदलायचं काम माझं नाही. सांधा बदलून आनंदात घरी गेलेलं माणूस दहाव्या-बाराव्या दिवशी धापा टाकत परत येतं, तेव्हा त्याला बघायचं काम माझं. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही विचारलंय तेलाबद्दल, पण तुमच्यापुढचा खरा पेच वेगळा आहे. गुडघा बदलल्यावर पाय सुजतोच. मग ही सूज ऑपरेशनची की शिरेतल्या गुठळीची, हे घरच्या माणसाने ओळखायचं कसं? प्रामाणिक उत्तर असं आहे की घरी बसून खात्रीने ओळखता येत नाही. मलाही नुसत्या बोटांनी येत नाही. आम्ही विद्यार्थी असताना पायाचा पंजा वर ढकलून पोटरी दुखते का ते बघायला शिकवलं होतं. ती खूण इतक्यांदा फसवते की आता तिच्यावर कुणी निर्णय घेत नाही. पण शंका कधी घ्यायची, हे मात्र घरच्या माणसाला डॉक्टरपेक्षा चांगलं कळू शकतं, कारण कालचा पाय आणि आजचा पाय दोन्ही त्याने पाहिलेले असतात.

ऑपरेशनची सूज साधारणपणे गुडघ्याभोवती जास्त असते, पहिल्या काही दिवसांत वाढते आणि मग हळूहळू उतरणीला लागते. दिवसभर बसल्यावर वाढते, रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी कमी दिसते. काळे-निळे डाग गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत ओघळतात, ते बघून लोक घाबरतात, पण ते बहुतेक वेळा जखमेचं रक्त खाली उतरलेलं असतं. गुठळीची सूज वेगळ्या चालीने येते. उतरत असलेली सूज अचानक पुन्हा चढते. पोटरी भरून येते, हाताला टणक लागते, कातडी तकतकीत दिसते, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते. रात्रभर पाय उंच ठेवूनही सकाळी फारसा फरक नसतो. चालताना पोटरीत गोळा आल्यासारखं होतं आणि तो पेटक्यासारखा दोन मिनिटांत सुटत नाही. तुमच्या आईंचा पाय नवव्या दिवसापर्यंत बरा होता आणि मग पोटरी भरली, ही चाल मला आवडलेली नाही. त्यात चार दिवस गोळी नाही.

घरात शिवणाची टेप असेल तर एक माप घ्या. नडगीच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या वाटीखाली, जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही पायांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती आमच्या हिशोबातली एक महत्त्वाची खूण आहे. कॅनडातल्या फिलिप वेल्स यांनी १९९० च्या दशकात अशा खुणांची गुणांची पद्धत बसवली, ती आजही जगभर वापरतात. त्यात पोटरीच्या घेरातला फरक, दाबल्यावर शिरेच्या वाटेवर दुखणं, बोट दाबल्यावर खड्डा पडणं, गेल्या १२ आठवड्यांतलं मोठं ऑपरेशन, कॅन्सर, पूर्वी झालेली गुठळी अशा गोष्टींना प्रत्येकी एक गुण असतो आणि दुसरं एखादं कारण तितकंच शक्य वाटत असेल तर दोन गुण वजा होतात. तुमच्या आईंचं ऑपरेशन, दुखणारी पोटरी आणि सूज एवढ्यानेच गुण डॉपलर मागण्याइतके होतात. ताज्या ऑपरेशनच्या पायात फरक थोडा असणारच, म्हणून माप एकदा घेऊन सोडू नका. मापासाठी डॉक्टरकडे जायचंही थांबवू नका. फोनवर बोलताना आकडा हाताशी असेल तर डॉक्टरांना लवकर अंदाज येतो, एवढाच त्याचा उपयोग.

आता गुठळी होते कशी ते सांगतो, कारण हे कळलं की काय करायचं आणि काय नाही हे आपोआप कळतं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, खोलवरची शीर पिळली जाते आणि रक्त वर सरकतं. शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पाऊल पडलंच नाही तर रक्त झडपांच्या खोबणीत तुंबतं. रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ च्या सुमारास गुठळीची जी कारणं मांडली, ती आजही तीन सूत्रांत सांगतात: रक्त तुंबणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकाच वेळी घडतात. पाय दिवसचे दिवस कमी हलतो, गुडघ्यामागच्या शिरेला ताण बसतो आणि जखम भरून काढण्यासाठी शरीर रक्त गोठवणारे घटक वाढवतं. म्हणूनच तर कुठलाही त्रास नसताना आईंना ती गोळी दिली होती. ती दुखण्यावरची नव्हती, तिचा परिणाम जाणवतही नाही, म्हणून ती सोडली तरी काही बिघडलं असं वाटत नाही. घरोघरी हेच होतं.

गुठळी पायात राहिली तर पाय सुजवते, दुखवते. भीती तिची नाही. भीती तिचा तुकडा सुटण्याची आहे. सुटलेला तुकडा शिरांच्या वाटेने हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. छोटा असेल तर थोडी धाप, थोडं छातीत दुखणं. मोठा असेल तर माणूस संडासातून उठताना कोसळतो.

चोळू नका म्हणतो ते यासाठी. काही वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला माझ्याकडे आणलं. सिझर होऊन अठरावा दिवस. डावा पाय दुखतो म्हणून आजी रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून मन लावून चोळत होती. मुलगी कॉटवर बसली होती आणि मला आधी दिसली ती तिची पैंजणं. उजव्या पायातलं घोट्यावर सैल लोंबत होतं. डाव्या पायातलं मासात इतकं रुतलं होतं की साखळीचे मणी दिसत नव्हते, नुसती लालसर वळी दिसत होती. पाय जांघेपासून सुजला होता. त्या दिवशी सकाळी चोळून झाल्यावर तिला धाप लागली होती. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळी निघाली. वेळेत इंजेक्शन सुरू झालं, मुलगी वाचली, बाळाला पाजतही राहिली. चोळण्यामुळेच तुकडा सुटला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, न चोळताही तो सुटतो. पण सुजलेल्या पोटरीत काय आहे हे माहीत नसताना तिच्यावर अंगठ्याने दाब देत वर सरकणं हा धोका मी कुणालाही घेऊ देणार नाही. त्या आजीला मी एक शब्दही लागट बोललो नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या काकूंनाही तसंच प्रेमाने सांगा.

तपासणीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चिठ्ठीवर 'पायाच्या शिरांचा डॉपलर' असं नीट लिहून घ्या. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा नुसता 'पायाचा डॉपलर' लिहिला तर कधी कधी धमन्यांचाच करून पाठवतात आणि हेलपाटा पडतो. तपासणी साधी आहे, सुई नाही, दुखत नाही. जांघेत आणि गुडघ्यामागे जेल लावून प्रोब ठेवतात आणि हलकेच दाबतात. पडद्यावर दोन काळी वर्तुळं शेजारी शेजारी दिसतात. धमनी ठोके देत गोल राहते, शेजारची निरोगी शीर दाबाखाली मिटून रेषेसारखी होते, दाब काढला की पुन्हा उघडते. गुठळी असेल तर ती शीर मिटतच नाही. तपासणाऱ्याला विचारलंत तर बहुतेक जण पडदा तुमच्याकडे वळवून दाखवतात.

दुसरी गोष्ट डी-डायमरची. हल्ली ही रक्ततपासणी लोक स्वतःहून करून येतात. तिचा उपयोग फक्त उलट बाजूने होतो: शंका मुळात कमी असेल आणि आकडा कमी आला, तर गुठळी नाही असं म्हणता येतं. ऑपरेशन, बाळंतपण, ताप, मोठं वय अशा कुठल्याही कारणाने हा आकडा वाढतो. अकरा दिवसांपूर्वी गुडघा बदललेल्या बाईंचा डी-डायमर वाढलेला असणारच. त्यावर पैसे आणि वेळ घालवू नका, थेट डॉपलर करा.

आणि डॉपलर 'ठीक' आला तर? मग निम्मी काळजी मिटली, सगळी नाही. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या मोठ्या शिरा डॉपलरमध्ये चांगल्या दिसतात, पोटरीतल्या बारीक शिरा तितक्या खात्रीने दिसत नाहीत, आणि सुजलेल्या पायात तर आणखी कठीण. शंका टिकून असेल तर साधारण आठवड्याने पुन्हा बघतात, कारण पोटरीतली गुठळी वर सरकते ती या काळातच. मधल्या काळात बाकीची कारणंही तपासली जातात. जखमेत किंवा कातडीखाली जंतुसंसर्ग, ज्याला आपल्याकडे धावरं म्हणतात. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटून पोटरीत उतरणं. स्नायूला बसलेली ताण. आणि दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर आधी हृदय, किडनी, लिव्हर किंवा रक्तदाबाच्या गोळीचा विचार करावा लागतो. अम्लोडिपिनने घोटे सुजलेल्या कितीतरी आजीआजोबांना मी नुसती गोळी बदलून घरी पाठवलं आहे.

गुठळी निघालीच तर घाबरून जाऊ नका. बहुतेकांना अ‍ॅडमिट न होता, गोळ्यांवर उपचार होतो. हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन पोटाच्या कातडीत देऊन सुरुवात करतात, किंवा रिव्हारोक्सॅबॅन, एपिक्सॅबॅन यांसारख्या नव्या गोळ्या पहिल्या दिवसापासून चालतात. या गोळ्यांचा सुरुवातीचा डोस मोठा असतो: रिव्हारोक्सॅबॅनचा तीन आठवडे, एपिक्सॅबॅनचा एक आठवडा. नंतर तो कमी होतो. ही बदलाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मोठा डोस चालूच राहिला म्हणून नाकातून रक्त घेऊन आलेले आणि पहिलं पाकीट संपलं म्हणून गोळीच थांबवलेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मी पाहिले आहेत. रिव्हारोक्सॅबॅनचा १५ आणि २० मिलिग्रॅमचा डोस जेवणासोबतच घ्यायचा, रिकाम्या पोटी तो नीट शोषला जात नाही. ऑपरेशनसारखं तात्पुरतं कारण असेल तर उपचार किमान तीन महिने. कारण सापडलं नाही, कॅन्सर असेल किंवा दुसऱ्यांदा झालं असेल तर जास्त काळ, कधी कायमचा. हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ऑपरेशन ताजं आहे, जखमेत रक्तस्राव होण्याचा धोका किती हे सर्जनलाच नीट माहीत असतं, म्हणून फिजिशियन आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून औषध सुरू केलेलं बरं. तुम्ही त्या दोघांना फोनवर जोडून द्या. डॉपलर लगेच होणार नसेल आणि शंका बळकट असेल, तर रिपोर्टची वाट न बघता पहिला डोस देण्याचीही पद्धत आहे. तेही त्यांना विचारा.

'रक्त पातळ होतं' हा शब्दप्रयोग रूढ झालाय, पण त्याने गैरसमज होतो. रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, गोठण्याचा वेग कमी होतो. ही औषधं गुठळी विरघळवतही नाहीत. ती तिला वाढू देत नाहीत, आणि विरघळवायचं काम शरीर स्वतः, आपल्या गतीने, आठवडे-महिने करत राहतं. म्हणून चार दिवसांत सूज गेली नाही तर औषध लागू पडत नाही असं समजू नका. उलट सूज उतरली, आता गोळी कशाला, असंही नको. जुन्या पद्धतीच्या वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल गोळ्या दिल्या तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासत राहावं लागतं, तो साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. त्या गोळ्यांवर मेथी, पालक बंद करायची गरज नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक आठवडा भाजीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज मेथी, असं झालं की आकडा हलतो.

आता आईंच्या पित्ताकडे येतो, कारण माझ्या मते सगळं तिथे सुरू झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखण्याची गोळी चालू असते आणि जळजळ बहुतेक वेळा तिची असते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब अशी नावं डिस्चार्ज कार्डवर आहेत का बघा. पण दुखण्याची गोळी हवीशी वाटते, कारण ती घेतली की बरं वाटतं. दोष जातो त्या दुसऱ्या, काहीच न जाणवणाऱ्या गोळीला. शिवाय वेदनाशामक आणि गुठळी रोखणारी गोळी एकत्र असतील तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, म्हणून जळजळीकडे दुर्लक्षही करायचं नाही. डॉक्टर वेदनाशामक बदलून पॅरासिटामॉलवर आणू शकतात, पोटाच्या संरक्षणाची गोळी देऊ शकतात, गुठळीची गोळीच दुसऱ्या प्रकारची देऊ शकतात. करण्यासारखं बरंच असतं, फक्त त्यांना कळायला हवं. आणि आईंना हेही विचारा की शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतंय का. होत असेल तर ते आजच्या आज सांगायचं. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. चुकलेल्या चार दिवसांच्या गोळ्या एकदम देऊन भरपाई मात्र करू नका.

घरात काय करता येईल? डॉपलर होईपर्यंत आईंना मुद्दाम फिरवू नका, फिजिओथेरपिस्टना आज सुट्टी द्या. गुठळी नसेल, किंवा असेल आणि औषध सुरू झालं असेल, तर मात्र झोपवून ठेवायचं नाही. पूर्वी गुठळी म्हटलं की आठवडाभर पलंग, असं होतं. आता औषध लागू झालं आणि माणूस स्थिर असलं की लवकर चालवतात. वॉकर घेऊन दर एक-दोन तासांनी खोलीतल्या खोलीत एक फेरी, आणि बसल्या जागी पंजे वर-खाली करायचे, तासाला वीस-पंचवीस वेळा. टीव्हीवर जाहिरात लागली की पंजे हलवायचे, असं मी रुग्णांना सांगतो, त्याने लक्षात राहतं. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. सगळ्यांना ती आरामशीर वाटते, पण गुडघ्यामागची शीर दबते आणि गुडघा सरळ व्हायलाही त्रास होतो. उशी ठेवायची तर टाचेखाली, पूर्ण पाय सरळ राहील अशी. नुसत्या गुडघ्यावर चढवलेला घट्ट पट्टा पोटरीचं रक्त अडवतो, तो सैल करा. दाबाचे मोजे आपल्या मनाने दुकानातून आणू नका. मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल, तर धमन्यांचा रक्तपुरवठा आधीच कमी असू शकतो आणि घट्ट मोज्याने पायाला इजा होते. पावलावरची नाडी तपासून आणि पायाचं माप घेऊनच मोजे द्यायचे असतात.

थोडं विषयाबाहेर जातो, कारण हे उत्तर आणखी कुणी वाचलं तर त्यांना उपयोग होईल. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सगळ्यांत जोखमीचे असतात, गरोदरपणापेक्षाही. आपल्याकडे नेमका तोच सव्वा महिना बाळंतिणीला खोलीत ठेवून, पाणी बेताने देऊन काढायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. विश्रांती जरूर द्या, पण तिला हिंडतं-फिरतं ठेवा आणि तहान लागेल तितकं पाणी पिऊ द्या. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझरनंतर धाप लागली. तिला आधी एकदा फुप्फुसात गुठळी होऊन गेली होती, त्यामुळे तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि गुठळीचं औषध मागितलं आणि तिचा संशय खरा निघाला. दुसरी गोष्ट पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची. गणपती, लग्न, सत्यनारायण आला की मेडिकलमधून परस्पर नॉरएथिस्टेरॉन आणून घेतलं जातं. निरोगी बाईने चार-पाच दिवस घेतलं तर बहुधा काही होत नाही. पण या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारखा बदलतो. ज्या बाईला पूर्वी गुठळी झाली आहे, पायाला प्लास्टर आहे किंवा जवळच्या नातेवाइकाला कमी वयात गुठळी झाली होती, तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

आता तुमचा प्रवास. विमानातली हवा किंवा उंची यापेक्षा गुन्हेगार आहे ती खुर्ची. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्रभर आश्रयस्थानात डेकचेअरवर बसून झोपत. त्यांच्यातल्या काहींचा फुप्फुसातल्या गुठळीने मृत्यू झाल्याचं कीथ सिम्प्सन या शवचिकित्सकाच्या लक्षात आलं. खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतायची आणि शिरा दबायच्या. विमानात तेच होतं, काशीयात्रेच्या बसमध्येही तेच होतं. बसमध्ये तर लघवीची सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, तेव्हा धोका आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासाने गुठळीचा धोका दुपटीने वाढतो, पण निरोगी माणसाचा मूळ धोका इतका कमी असतो की वाढूनही तो साधारण ६००० प्रवासांमागे एक एवढाच राहतो.

म्हणून नुसत्या प्रवासासाठी अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. ती मुख्यतः धमन्यांतल्या गुठळीवर काम करते आणि पोटाला त्रास देते. सांधेबदलानंतर काही सर्जन अ‍ॅस्पिरिन देतात, पण तो पूर्ण विचार करून, दुसऱ्या औषधानंतर किंवा निवडक रुग्णांत दिलेला उपचार आहे, त्यावरून प्रवासाची सवय लावायची नसते. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी बघाव्या लागतील. कुटुंबनियोजनाची गोळी इस्ट्रोजेनवाली आहे का? आणि आईंना गुठळी निघाली, तर ती ऑपरेशनमुळे झालेली आहे की घराण्यात आणखी कुणाला कमी वयात झाली होती? आईंची गुठळी ऑपरेशननंतरची असेल तर तुमच्यासाठी तिचं वजन फार नाही. पण मामा, मावशी, आजोबा यांच्यात असा इतिहास असेल, किंवा तुमचं वजन जास्त असेल, तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी गोळीबद्दल बोला. मापाचे गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे तुम्हाला उपयोगी पडतील. जागा कडेची घ्या, म्हणजे उठायला शेजाऱ्याची झोप मोडावी लागणार नाही. पायाखाली बॅग कोंबू नका. झोपेची गोळी घेऊन सोळा तास एकाच अंगावर झोपू नका.

आईंना याच फेरीत सोबत न्यायचा विचार असेल तर तो सध्या बाजूला ठेवा. गुठळी नसली तरी गुडघा बदलल्यावर इतक्या लांबच्या विमानप्रवासाला बहुतेक सर्जन तीन महिने थांबायला सांगतात. गुठळी असेल तर उपचार स्थिर झाल्यावर डॉक्टर तारीख सांगतील, आणि मग येताना त्यांच्या पर्समध्ये, चेक-इनच्या बॅगेत नव्हे, गोळ्या आणि चिठ्ठी ठेवा.

सर्जनना फोन करताना डिस्चार्ज कार्डवरच्या सगळ्या गोळ्या डोससकट वाचून दाखवा. आणि आईंना डॉपलरला नेताना पैंजण, जोडवी, घट्ट मोजा, जे काही डाव्या पायात असेल ते आत्ताच काढून ठेवा. सूज आणखी चढली तर नंतर ते निघत नाही.